‘प्रमाण रूप’ : पुरावा नव्हे, माप

एका वाचकाचा प्रश्न: ‘संमिश्र संख्या प्रमाण रूपात लिहा’ यातले ‘प्रमाण’ म्हणजे पुरावा की गुणोत्तर? त्यापेक्षा ‘मानक रूप’ बरे नाही का? (संमिश्र संख्या म्हणजे २ + ३आय यासारखी संख्या; ‘आय’ म्हणजे जिचा वर्ग −१ येतो ती.)

पुरावाही नाही, गुणोत्तरही नाही. ते अर्थ कोणत्याही कोशात मिळतील. मूळ धातू ‘मा’, म्हणजे मोजणे. ज्याने मोजायचे ते प्रमाण. मात्रा, परिमाण, अनुमान, उपमा, इतकेच काय ‘निर्माण’सुद्धा याच धातूचे. ग्रीक ‘मेट्रॉन’ही याच कुळातला, म्हणजे आपला मीटर प्रमाणाचा दूरचा भाऊबंद!

गणितात तर हा शब्द फार जुना. त्रैराशिकातली, म्हणजे तीन ज्ञात राशींवरून चौथी काढण्याच्या रीतीतली, प्रमाण (दिलेले माप), फल (त्याचे फळ) आणि इच्छा (ज्याचे फळ हवे ते माप) ही नावे आर्यभटाकडेही आहेत. ‘लीलावती’त (इ.स. ११५०) भास्कराचार्य बजावतात की प्रमाण आणि इच्छा ‘समानजाती’, म्हणजे एकाच प्रकारची हवीत. माझ्या मते प्रमाण रूपाचा सगळा आत्मा या एका अटीत आहे. वास्तव भाग वास्तवात मिळवायचा, कल्पित भाग कल्पितात. त्यासाठी दोन्ही जाती आधी सुट्या व्हायला हव्यात. ‘ए अधिक आयबी’ हे प्रमाण रूप (ए हा वास्तव भाग, बी हा कल्पित) नेमके तेच करते. (३ + २आय) ÷ (१ − आय) ही संख्या आलेखाच्या प्रतलावर (वास्तव भाग आडवा, कल्पित भाग उभा) कुठे बसते, ते पाहून सांगता येत नाही. अंश आणि छेद (१ + आय) ने गुणा, छेदात २ येतात, अंशात १ + ५आय. उत्तर १/२ + (५/२)आय. आडवे माप अर्धा, उभे माप अडीच. मापेच ती, दुसरे काय?

‘प्रमाण म्हणजे पुरावा, म्हणून मानक म्हणा’ हा काही परिभाषाकारांचा हट्ट मला मुळीच पटत नाही. ‘मानक’मधले ‘मान’ही ‘मा’ धातूचेच! (मानपानातला मान वेगळा, तो ‘मन्’ धातूचा.) प्रमाणभाषा, प्रमाणवेळ म्हणताना कोणाला पुरावा आठवत नाही, मग इथेच का आठवावा?

खरी चूक तर भलतीकडेच आहे आणि ती रोज कानावर पडते. २ + ३आय या संख्येचा कल्पित भाग ‘३आय’ असे शिकवणारेही सर्रास सांगतात. कल्पित भाग ३ आहे, निव्वळ ३, आणि ती वास्तव संख्या आहे. ‘आय’ हे एकक, ३ हे त्याचे माप. लांबी सांगताना आकडा आणि एकक आपण वेगळे ओळखतो, तसेच इथेही ओळखावे.