“परत यावं का?”

जपानमधल्या मराठी घरांतून येणाऱ्या फोनवर हा प्रश्न ठरलेला. इतकी वर्षं झाली, तरी इथे आपण परकेच. मग कशाला राहायचं? मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर समुपदेशन करते. त्यातल्या एका कुटुंबाबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवरा आयटीत, बायको डिपेंडंट व्हिसावर, मुलगी जपानी सरकारी शाळेत तिसरीत. राहायला तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला. २००० च्या आसपास आपले संगणकवाले तिकडे गेले, तेव्हापासून ही भारतीयांची वस्ती. तूरडाळ मिळते, गणपती बसतात. त्यामुळे ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “एकटं वाटत नाही हो. नको आहोत असं वाटतं.”

मग यादी सुरू झाली. ट्रेनमध्ये शेजारची सीट रिकामी राहते. शेजारीण रोज वाकून नमस्कार करते, पण वर्षानुवर्षं उंबरा ओलांडत नाही. घर शोधताना एजंटनं सरळ सांगितलं होतं, मालकाला परदेशी भाडेकरू नको. शेवटी यूआर या निमसरकारी गृहसंस्थेच्या इमारतीत भाड्यानं घर घेतलं, तिथे जामीनदार लागत नाही म्हणून.

नवरोजींचं म्हणणं वेगळं. “आपल्याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ ला मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक निवडून आले. लोक स्वीकारतातच की!”

“मग काय, सगळ्यांनी निवडणुकीला उभं राहायचं?” ताईंनी तिथल्या तिथे विचारलं. मला हसू आलं, पण मुद्दा त्यांचाच बरोबर होता.

अशा वेळी “मनावर घेऊ नका” म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी म्हणत नाही. जपानच्या न्याय मंत्रालयानं २०१७ मध्ये पाहणी जाहीर केली. घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ४० टक्क्यांना केवळ परदेशी म्हणून नकार मिळाला होता. तेव्हा एजंटचा तो नकार हा ताईंच्या मनाचा खेळ नव्हता. त्याचा राग येणं रास्त. पण शेजारणीचं काय? ती मजल्यावरच्या जपानी बिऱ्हाडांकडे तरी जाते का, असं विचारल्यावर ताई जरा थांबल्या. “नाही. कुणीच कुणाकडे जात नाही.” म्हणजे तो तोक्योचा स्वभाव झाला. एजंट आणि शेजारीण एकाच पोत्यात भरले, की सगळं गावच आपल्यावर उठल्यासारखं वाटतं.

खरी ठसठस मुलीची होती. ही शाकाहारी, म्हणून शाळेच्या परवानगीनं घरून डबा. बाकी वर्ग शाळेचं जेवण जेवतो, क्युशोकु. ते मुलंच गटागटानं, पाळीपाळीनं वाढतात. मुलीनं एक दिवस डबा तसाच परत आणला आणि स्टेशनवर आईला म्हणाली, “मराठीत मोठ्यानं बोलू नकोस.” आईनं अर्थ काढला, पोरीला आपली लाज वाटते.

त्याच रागात ताई बोलून गेल्या, “डबा वेगळा, तरी वाढायचं काम हिलाही! आणि शुक्रवारी तो पांढरा एप्रन घरी येतो. मी धुवायचा, इस्त्री करायची, सोमवारी परत द्यायचा.”

“मग सोमवारी तो कोण घालतं?”

“पुढच्या गटातलं मूल.”

“आणि त्याच्या आधी?”

“दुसऱ्या कुणाच्या तरी आईनं धुतलेला असतो,” त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तिथून आमचं बोलणं वळलं. इथले लोक आपल्याला आपलं कधी म्हणणार, हा प्रश्न बाजूला ठेवला. तुमच्या वाटणीला काम कुठे येतं, कुठे नाही गेलात तर कुणीतरी विचारेल, एवढंच शोधायला सांगितलं. ताई वॉर्डातल्या स्वयंसेवकांच्या जपानी वर्गाला जाऊ लागल्या. शाळेची पत्रकं आता तिथे समजून घेतात. आधी मुलगीच दुभाष्या होती. ते मी बंद करायला लावलं, कारण घरात मूल मोठं आणि आई लहान होते.

स्टेशनवरच्या वाक्याबद्दल मुलीशीही बोलले. लाज थोडी होतीच. पण ट्रेनमध्ये हळू बोलायचं हे शाळेतही शिकवलं होतं, आणि आईचा आवाज, तिच्या मते, “पुण्यातल्यासारखा” आहे.

परत यायचं की नाही, ते मुलीची सहावी झाल्यावर ठरवणार आहेत, कारण तिकडे प्राथमिक शाळा तिथे संपते. एजंटवरचा राग अजून आहे. आणि मुलीला आता क्युशोकु जेवायचंय. आई म्हणते, भात-भाजी ठीक, पण सूपमध्ये माशाचा अर्क असतो त्याचं काय? बाबा म्हणतात, चालेल. पुढचं सत्र त्यावरच आहे.