ॲसिड स्लरी अंगावर सांडल्यास सोड्याच्या पाण्याने धुवावे का? आणि रबरी हातमोजे पुरेसे असतात का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: डिटर्जंटसाठी लॅबसा (लिनिअर अल्किल बेंझीन सल्फोनिक आम्ल), म्हणजे ॲसिड स्लरी, हाताळताना रबरी हातमोजे घातले की पुरे का, ती अंगावर सांडल्यास सोड्याच्या पाण्याने धुवावे, हा आपल्याला मिळालेला सल्ला योग्य आहे का, आणि ड्रम कसा साठवावा. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नासाठी मी कदाचित लिहिलेही नसते. दुसऱ्याने मात्र जुनी खपली निघाली, कारण तो सल्ला माझ्या उजव्या मनगटावर अजून दिसतो.

उत्तर आधी देतो. सोड्याचे पाणी लावू नये. वाहते साधे पाणी, भरपूर आणि निदान पंधरा ते वीस मिनिटे, एवढेच करावे, आणि ते पाणी अंगावर पडत असतानाच माखलेले कपडे, हातमोजे, घड्याळ काढून टाकावे.

मी तेव्हा एका कारखान्यात शिकाऊ केमिस्ट होतो आणि ड्रममधली स्लरी पंपाने मिक्सरमध्ये घेण्याचे काम माझ्याकडे होते. स्लरी गडद तपकिरी आणि एरंडेलासारखी दाट असते. हवा गार असली की पंप अक्षरशः कण्हतो. त्या दिवशी पंप बंद केल्यावर नळीत थोडा माल उरला होता आणि तो वाया जाऊ नये म्हणून मी नळी सोडवून तिचे टोक डोक्याच्या वर धरले. नळीच्या बाहेरून एक जाड ओघळ उतरला, हातमोज्यावर आला आणि मोज्याची कड ओलांडून बाहीच्या आत कोपराकडे गेला. मी हात खाली केला तेव्हा तोच ओघळ माघारी फिरून मोज्याच्या आत शिरला. मोजा उत्तम होता, कोठेही फाटलेला नव्हता, आणि नेमके त्यामुळेच आत गेलेली स्लरी मनगटाशी धरून ठेवण्याचे काम त्याने चोख केले.

आग लगेच झाली नाही. आधी नुसती बुळबुळीत ऊब जाणवली, घामासारखी, आणि मी काम चालू ठेवले. काही मिनिटांनी चरचरू लागले तेव्हा मोजा काढला आणि नळाकडे निघालो. नळ बारा पावलांवर होता. तेवढ्यात आमचे वरिष्ठ केमिस्ट आले आणि म्हणाले, ‘अरे थांब, पाण्याने नुसती पसरेल. ॲसिडला अल्कलीच लागते.’ मी म्हणालो, ‘साहेब, आधी नळाखाली तरी धरू द्या.’ त्यांनी ऐकले नाही, आणि मी शिकाऊ असल्यामुळे थांबलो. प्रयोगशाळेतून सोडा ॲशच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या, द्रावणाचा बीकर येईपर्यंत चार-पाच मिनिटे गेली. तो मनगटावर ओतला, थोडे फसफसले, आणि साहेब समाधानाने म्हणाले, ‘झाले न्यूट्रल.’ हात गुळगुळीत लागत होता, तर तो आता साबण झाला आहे असे त्यांचे म्हणणे होते. मी पीएच पट्टी लावून पाहिली तर ती गडद निळी झाली. म्हणजे आम्ल संपले होते आणि त्याच जागी, आधीच सोललेल्या कातडीवर, अल्कली बसली होती.

या गुळगुळीतपणाविषयी कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. अल्कली बोटांना बुळबुळीत लागते, डिटर्जंटही बुळबुळीत लागते, आणि स्लरीवर सोडा पडला की दोन्ही एकाच ठिकाणी असतात. त्यामुळे केव्हा पुरेसे धुतले गेले हे स्पर्शावरून ठरवताच येत नाही. फेसाचेही तसेच आहे. फेस आला म्हणजे माल निघतो आहे एवढेच कळते, निघाला आहे असे नव्हे. म्हणून धुण्याचा काळ घड्याळावर मोजावा आणि शेवटी शक्य असल्यास पीएच पट्टी लावावी.

साहेबांचा युक्तिवाद मी पुढे कित्येक वर्षे ऐकला आणि त्याला माझे उत्तर असे आहे. मिक्सरमध्ये आम्लावर अल्कली हे सूत्र बरोबर आहे, कारण तेथे दोन्हींची वजने माहीत असतात. 96 टक्क्यांच्या शंभर किलो स्लरीला, तिच्यातले एक-दोन टक्के मोकळे सल्फ्युरिक आम्ल धरून, साधारण 13 किलो शुद्ध कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोडा, लागते, आणि तरीही आपण ते हळूहळू, ढवळत, तापमानावर नजर ठेवून करतो, कारण उष्णता बरीच निघते. मनगटावर स्लरी किती ग्रॅम आहे हे कोणालाच माहीत नसते. अंदाज कमी पडला तर आम्ल उरते, जास्त झाला तर अल्कली उरते, आणि अल्कली चरबीचाच साबण करत आत उतरत असल्याने तिची जखम अनेकदा अधिक खोल जाते. शिवाय स्लरी हे नुसते आम्ल नाही, ते पृष्ठसक्रिय, म्हणजे साबणासारखे तेल सोडवणारे, द्रव्य आहे. कपड्यावरचे तेल सोडवण्याचा तिचा गुण कातडीवरच्या स्निग्ध थरालाही तितकाच लागू पडतो, आणि सोड्याने आम्लपणा गेला तरी हा गुण जात नाही. तिचाच भाऊबंद असलेले सोडियम लॉरिल सल्फेट प्रयोगशाळेत प्रथिनांच्या घड्या उलगडायला वापरतात आणि त्वचेच्या चाचण्यांमध्ये मुद्दाम दाह निर्माण करायलाही वापरतात. ‘शेवटी साबणच तो’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण माझा सर्वांत मोठा आक्षेप रसायनशास्त्राचा नाहीच, तो त्या चार-पाच मिनिटांचा आहे. सोडा पूर्णपणे निरुपद्रवी असता तरी बीकर येईपर्यंत नळ बारा पावलांवर कोरडा उभा होता.

आता हातमोजे. नायट्राइल किंवा निओप्रीनचे, कोपरापर्यंत लांब घ्यावेत. कापडी आणि चामडी मोजे स्लरी पिऊन अंगाशी धरून ठेवतात, चामडी बुटांचेही तेच. हात खाली ठेवून काम असेल तर बाही मोज्याच्या वर असावी. हात वर करायचा असेल तर मोजा बाहीच्या वर घ्यावा आणि त्याची कड बाहेर दुमडून पन्हळीसारखी करावी, म्हणजे ओघळ तिच्यातच अडकतो. अर्थात खरा उपाय म्हणजे नळी डोक्यावर धरूच नये.

मोजे पुरेसे मात्र नाहीत, कारण डोळ्यांना त्यांचा उपयोग नाही. स्लरीच्या एक टक्का द्रावणाचाही पीएच 2 च्या खाली, म्हणजे तीव्र आम्लाचा, असतो आणि तिचा थेंब डोळ्याला कायमची इजा करू शकतो. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा आणि नळी जोडताना किंवा सोडवताना त्यावर फेस शील्डही हवी. कॉस्टिक हाताळताना तर हे दुप्पट कसोशीने पाळावे, कारण डोळ्यासाठी कॉस्टिक हे स्लरीपेक्षाही वाईट. कॉस्टिक पाण्यात घालावे, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतू नये. डोळे धुण्याची सोय धोक्याच्या जागेपासून दहा सेकंदांत गाठता यावी आणि सलग पंधरा मिनिटे कोमट पाणी देत राहावी, असे अमेरिकेचे झेड 358.1 हे मानक सांगते. डोळा धुताना पापण्या बोटांनी उघड्या धराव्या लागतात, आणि दुखणारा माणूस ते स्वतः करू शकत नाही, म्हणून एकट्याने स्लरी उपसू नये. धुऊन झाल्यावर डॉक्टरांकडे जावेच. पोटात गेल्यास उलटी करवू नये. एक तर घसा दुसऱ्यांदा भाजतो आणि वर फेस श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

जमिनीवर सांडली तर लगेच पाण्याचा पाइप लावू नये. फेस होतो, लादी बर्फासारखी निसरडी होते आणि सगळे गटारात जाते, जेथून पुढे काही मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढ्या प्रमाणातही ते माशांना मारक ठरू शकते. आधी कोरडी वाळू टाकून माल गोळा करावा, उरलेल्या थरावर सोडा ॲश भुरभुरावी. होय, येथे सोडा चालतो, कारण लादीला कातडी नसते.

ड्रमबद्दल थोडक्यात: एचडीपीई, म्हणजे घट्ट प्लास्टिक, किंवा 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील चालते. साधे लोखंड, जस्ताचा मुलामा आणि ॲल्युमिनियम चालत नाही; आम्ल त्यांना खाते आणि हायड्रोजन सुटतो. झाकण घट्ट ठेवावे, नाहीतर स्लरी ओल धरते. ब्लीच त्याच खोलीतही ठेवू नये, कारण ब्लीचमधले हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. ड्रम किती महिने टिकतो हे पुरवठादाराच्या कागदांत पाहावे.

न्यायाने दोन गोष्टी जोडतो. मी डॉक्टर नाही, आणि ‘फक्त पाणी’ हा नियम प्रत्येक रसायनाला जसाच्या तसा लागू होत नाही: हायड्रोफ्लोरिक आम्लाला पाण्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लागते आणि कोरडी कॉस्टिक सोडा आधी झटकून मगच धुतात. आपल्या ड्रमसोबत आलेली सेफ्टी डेटा शीट माझ्या उत्तरापेक्षा वरचढ समजावी. आणि साहेब अगदीच चुकीचे होते असेही नाही. त्यांचे द्रावण पातळ होते, त्यामुळे उष्णता फारशी झाली नसावी, आणि निवृत्त होईपर्यंत ते म्हणत राहिले की तुझा हात सोड्यानेच वाचला. त्यावर मी दर वेळी मनगटावरचा डाग दाखवत असे आणि ते दर वेळी म्हणत, ‘तो आधीचा आहे.’ त्या दिवशीच्या पट्टीचा निळा तुकडा मी बॅचच्या वहीत चिकटवला होता. तो मात्र त्यांनी कधी पाहायला मागितला नाही.