बडोद्याहून कडे, पुळण आणि जुनं बंदर एकाच फेरीत कुठे बघता येईल?

दीव. मात्र मुक्काम नागवा बीचला नको. शनिवार-रविवारी गुजरातच्या दारूबंदीची सगळी कसर तिथेच भरून निघते! त्यापेक्षा पश्चिम टोकाचं वणाकबारा बघा. मच्छीमारांचं गाव, सकाळी धक्क्यावर मासळीची उलाढाल, रंगवलेल्या बोटींची दाटी. वास सोसावा लागतो, एवढंच.

कडे दक्षिण किनाऱ्याला आहेत, चुनखडीचे. कोकणातल्यासारखे उंच नाहीत, पण लाटांनी असे पोखरलेत की बघत राहावं. गंगेश्वरला भरतीच्या वेळी जा, कपारीतल्या पाचही शिवलिंगांवर समुद्रच अभिषेक करतो. चक्रतीर्थाजवळच्या टेकाडावर 'खुकरी'चं स्मारक आहे. ही युद्धनौका 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळच्या समुद्रात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. तिथे वारा टोपी टिकू देत नाही.

पोर्तुगीजांनी 1535 मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्याला निवांत अर्धा दिवस द्या. भावनगर-महुवा-उना रस्त्याने रात्रभराचा प्रवास. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि मासेमारी बंद, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा.