शेवट ‘फोडणे’ : ‘स्पॉयलर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे : ‘आमच्या ऑनलाइन वाचकगटात पुस्तकाचा शेवट उघड करणाऱ्या मजकुरावर कोणी “रसभंग” अशी सूचना लिहितो, कोणी “रहस्यभेद” लिहितो, बाकीचे सरळ “स्पॉयलर अलर्ट” लिहितात. यांपैकी योग्य शब्द कोणता? आणि स्पॉयलर “देतात” की “करतात”?’

यांतला कोणताही शब्द वापरला तरी वाचकाला अर्थ कळतो, त्यामुळे चूक कोणाचीच नाही. मात्र दोन्ही मराठी शब्द नेमके बसत नाहीत, आणि जो बसतो तो रोज तोंडी असूनही या कामासाठी आपल्याला सुचत नाही. तो शब्द म्हणजे ‘फोडणे’ हे साधे क्रियापद.

आधी ‘रसभंग’ घेऊ. हा शब्द परिणाम सांगतो, कृती सांगत नाही. गाणे रंगात आले असताना शेजाऱ्याचा फोन वाजला तरी रसभंग होतो, आणि चांगल्या कादंबरीत मुद्रणदोषांचा सुळसुळाट असला तरी होतो. दोन्हीकडे कोणी काही उघड केलेले नसते. शिवाय ज्या काव्यशास्त्रातून हा ‘रस’ आला, तेथे शेवट आधी ठाऊक असणे हा दोष मानलेलाच नाही. काश्मिरी पंडित अभिनवगुप्ताने भरताच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथावरील आपल्या भाष्यात रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत : घडते आहे त्याची शक्यताच न पटणे, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणे, मनात संशय राहणे इत्यादी. कथानक आधी कळणे त्या सातांत नाही. असणार तरी कसे? ‘नाटक’ या प्रकाराची कथावस्तू प्रख्यात असावी, असाच दंडक होता. कवीने स्वतः रचलेली कथा ‘प्रकरण’ या दुसऱ्या नाट्यप्रकारासाठी राखलेली होती. अलीकडे, २०११ मध्ये, सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी वाचकांना काही लघुकथा शेवट आधी सांगून वाचायला दिल्या, तेव्हा त्या वाचकांना कथा उलट किंचित अधिक आवडल्याचे आढळले. पुढच्या काही प्रयोगांचे निष्कर्ष विरुद्ध आले, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही; पण शेवट कळला की रस भंगतोच, असे शब्दातच ठरवून टाकणे घाईचे आहे, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

‘रहस्यभेद’ अधिक नेमका वाटतो, पण त्याची अडचण वेगळी आहे. गुप्तहेरकथेत रहस्यभेद शेवटच्या प्रकरणात गुप्तहेर करतो, आणि तो वाचकाला हवाच असतो. किंबहुना त्यासाठीच तर तो तीनशे पाने वाचत आलेला असतो. म्हणजे हा शब्द कथेच्या एका रीतसर भागाचे नाव आहे. शिवाय कौटुंबिक कादंबरीतली आई अखेरीस घर सोडून जाते, यात रहस्य कोणते? तरीही ते आधी सांगून टाकणाऱ्यावर वाचक चिडतात, आणि त्यांचे चिडणे योग्यच असते. ‘गौप्यस्फोट’ तर वर्तमानपत्रांनी राजकारण्यांसाठी इतका झिजवला आहे की पुस्तकाच्या अभिप्रायात तो आला, तर लेखकाने काही घोटाळा केल्याचा भास होईल.

आता ‘फोडणे’. मराठीत गुपित फोडतात, बातमी फोडतात, बिंग फुटते आणि परीक्षेचा पेपर फुटतो. यांतला शेवटचा प्रयोग स्पॉयलरच्या सर्वांत जवळचा आहे. पेपरातले प्रश्न कायमचे झाकून ठेवायचे नसतात. ठरलेल्या वेळी ते प्रत्येकाच्या हाती पडणारच असतात, आणि आक्षेप असतो तो ते वेळेआधी पडण्याला. पुस्तकाच्या शेवटाचेही तंतोतंत असेच आहे. दुसरे म्हणजे या क्रियापदाला ‘फुटणे’ हा जोडीदार आहे. बोलण्याच्या ओघात जिच्याकडून शेवट फुटला ती आणि पहिल्याच ओळीत तो मुद्दाम फोडणारा, या दोघांना गटाने एकाच मापाने मोजू नये, आणि हा भेद मराठी आपोआप करून देते. नामच हवे असेल तर ‘घरफोडी’च्या चालीवर ‘शेवटफोडी’ करता येईल. गंमत अशी की इंग्रजीतला ‘स्पॉइल’ ज्या लॅटिन ‘स्पोलियारे’पासून आला, त्याचा अर्थही लुटणे, ओरबाडून घेणे असाच आहे. इंग्रजी शब्दाला आजचा अर्थ मात्र बराच उशिरा चिकटला. १९७१ मध्ये ‘नॅशनल लॅम्पून’ या अमेरिकी विनोदी मासिकात डग्लस केनी यांनी ‘स्पॉयलर्स’ या शीर्षकाखाली कथा-चित्रपटांचे शेवट एकापाठोपाठ सांगून टाकले, हा त्याचा एक ठळक आरंभीचा वापर.

सूचना म्हणून ‘पुढे शेवट फोडला आहे’ एवढे चार शब्द पुरतात, फक्त त्यांच्यानंतर ओळी मोकळ्या सोडाव्यात. ‘स्पॉयलर अलर्ट : खून डॉक्टरनेच केला’ असे सलग लिहिले की फोनच्या पडद्यावर सूचना आणि खुनी एकदमच झळकतात.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक जपणूक करावी लागते, जी इंग्रजीत तितकीशी लागत नाही. आपले क्रियापद लिंग सांगून टाकते. ‘खुनी पहिल्या प्रकरणापासून आपल्यासमोरच होती’ असे कौतुकाने लिहिणाऱ्याने नाव घेतलेले नसते, पण एका ‘होती’ने अर्धे संशयित सुटलेले असतात. अशा वेळी ‘व्यक्ती’ हा शब्द उपयोगी पडतो, कारण तो स्त्रीपुरुष दोघांसाठी स्त्रीलिंगीच चालतो : ‘खुनी व्यक्ती आपल्यासमोरच होती’. नाहीतर भावे प्रयोग करावा : ‘खुनी व्यक्तीला लेखकाने पहिल्यापासून समोर ठेवले आहे’. काळाचेही तसेच आहे. बाकीच्या पात्रांबद्दल ‘आहे’ लिहून एकाच पात्राबद्दल ‘फार मोठ्या मनाचा माणूस होता’ असे लिहिले, की सावध वाचक त्याला तिथेच श्रद्धांजली वाहून मोकळा होतो. कथेचा परिचय संपूर्ण वर्तमानकाळात लिहिण्याची पद्धत या दृष्टीने सोयीची आहे.

राहिला प्रश्न ‘देतात’ की ‘करतात’ याचा. ‘स्पॉयलर’ हे नाम असून मराठीत ते पुल्लिंगी रुळले आहे, त्यामुळे ‘त्याने मोठा स्पॉयलर दिला’ हे बरोबर. ‘करणे’ लावायचे तर ते ‘स्पॉइल’ला लागते, जसे ‘त्याने शेवट स्पॉइल केला’. ‘स्पॉयलर केला’ ही या दोहोंची सरमिसळ आहे आणि ती टाळावी. ‘त्याने शेवट फोडला’ असे म्हटले, तर हा प्रश्न उरतच नाही.