लोह आटलं की हिरवे जीवाणू काय करतात?

प्रश्न : चुनखडीच्या रानात आमच्या उसावर केवडा पडतो, पानं पिवळी-पांढरी होतात. पाण्यातल्या हिरव्या जीवाणूंचंही असंच होतं का? (एक ऊस बागायतदार)

होतं, आणि कारणही जवळजवळ तेच. तुमच्या रानात लोह असतं, पण मुळांना घेता येईल अशा रूपात नसतं. नीलहरित जीवाणूंचंही हेच दुखणं. त्यातही ते त्यांनी स्वतःच ओढवून घेतलेलं! सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी यांच्याच पूर्वजांनी सोडलेला ऑक्सिजन हवेत साचू लागला आणि समुद्रात विरघळलेलं लोह गंजून तळाला बसत गेलं. प्रयोगशाळांचा लाडका नीलहरित जीवाणू सिनेकोसिस्टिस 6803 आजही लोहाविना ठेवला तर त्याचा हिरवा रंग पिवळट पडतो.

प्रश्न : म्हणजे लोह संपलं की त्यांची जनुकं बदलतात का?

नाही. ही गल्लत नेहमी होते. जनुकांचा मजकूर तोच राहतो. त्यातलं काय वाचायचं आणि काय मिटून ठेवायचं, एवढंच बदलतं. पेशीत लोह पुरेसं असलं की 'फर' नावाचं प्रथिन ते धरून डीएनएवर ठाण मांडतं आणि टंचाईची जनुकं बंद ठेवतं. लोह घटलं की फरची पकड सुटते आणि ती जनुकं जागी होतात.

त्यांतली शेजारशेजारची दोन जनुकं मला फार आवडतात. 'इसि-बी'पासून फ्लॅव्होडॉक्सिन बनतं. एरवी इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या फेरेडॉक्सिनला लोह लागतं. हा बदली कामगार ब जीवनसत्त्वांपैकी बी-2पासून बनलेल्या रेणूवर तेच काम उरकतो. 'इसि-ए'चं प्रथिन हरितद्रव्य बाळगतं, पण लोह मागत नाही. याची खरी किंमत कळते ती हिशेबात. प्रकाश पकडून कामाला लावणाऱ्या प्रथिनसंचांचे दोन प्रकार असतात : प्रकाशप्रणाली-1 आणि 2. प्रकाशप्रणाली-1च्या एका संचात लोहाचे 12 अणू अडकतात, प्रकाशप्रणाली-2मध्ये दोन-तीनच. म्हणून टंचाईत पहिलीची संख्या घटवली जाते. जे संच उरतात, त्यांच्या तिहेरी जुळणीभोवती इसि-एच्या 18 प्रथिनांचं कडं उभं राहतं आणि कमी संचांत जास्त प्रकाश गोळा होतो. हे कडं 2001 साली दोन गटांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. ती चित्रं पाहावीत; कानातल्या कुड्या आठवतात.

प्रश्न : फर असताना आणखी नियंत्रण कशाला?

कारण क्षणभराच्या चणचणीत एवढा पसारा मांडणं परवडत नाही. इसि-ए जनुकाच्याच जागी, पण डीएनएच्या समोरच्या धाग्यावरून, एक छोटा आरएनए तयार होतो. त्याचं नाव 'इसर-आर', शोध 2006चा. तो इसि-एच्या संदेशाला, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी काढलेल्या जनुकाच्या आरएनए-नकलेला, जाऊन चिकटतो आणि जोडी नष्ट होते. टंचाई लांबली, संदेश भरमसाट झाले की हा अडसर पुरा पडत नाही. मग प्रथिन बनू लागतं. लोह परतल्यावर उरलेले संदेश झटपट निकालात निघतात ते यामुळेच. 'इसा-आर1' हा आणखी एक छोटा आरएनए टंचाईत प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेचं उत्पादनच आवरतो.

प्रश्न : मग समुद्रात लोखंड टाकून हवेतला कार्बन शोषता येईल?

लोहाने शेवाळ वाढतं, हे 1993पासून प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांजवळच्या प्रयोगांनी दाखवलं आहे. पण वाढलेलं शेवाळ खाल्लं जातं, कुजतं, आणि त्यातला बराच कार्बन परत वर येतो. मी यावर पैसे लावणार नाही.