दुकानातली झुंबड आणि तुमचे 10 लाख

ताई, मनीषनगरहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. शाळेतून 58व्या वर्षी निवृत्त झालात, गेल्या महिन्यात 20 लाख खात्यात आले. त्यातले 10 लाख एका सुपरमार्केट साखळीच्या बाँडमध्ये घालावेत का, असं विचारलंय. व्याज 12 टक्के, मुदत 3 वर्षं, रेटिंग ट्रिपल बी मायनस, म्हणजे गुंतवणुकीयोग्य पतश्रेणींतली शेवटची पायरी; तारण काहीच नाही. ‘दुकानात तर रोज झुंबड असते,’ असंही लिहिलंय.

घालू नका.

झुंबड खरी आहे. पण किराण्यात सगळा खर्च जाऊन शंभरामागे चार-पाच रुपये उरले, तरी धंदा उत्तम म्हणायचा. डीमार्टला ते पेलतं, कारण त्यांची बहुतेक दुकानं स्वतःच्या जागेत आहेत आणि डोक्यावर कर्ज जवळपास नाही. तुम्ही पाठवलेल्या कागदांवरची कंपनी भाड्याच्या जागेत, कर्ज काढून वाढतेय. जागा भाड्याची, माल उधारीचा. उद्या गाडं अडलं तर तुम्ही हात कशावर ठेवणार?

बिग बझार आठवा. टाळेबंदीत विक्री बसली, भाडी थकली, फेब्रुवारी 2022मध्ये रिलायन्सने दुकानं ताब्यात घेतली. जुलैत बिग बझार चालवणारी फ्यूचर रिटेल कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि 2024मध्ये कंपनी गुंडाळण्याचा आदेश निघाला. तिथेही गर्दी असायचीच की!

नागपूरच्या इतवारी बाजारातले एक डाळीचे व्यापारी माझ्याकडे सल्ल्याला येतात. एका साखळीकडून 30 दिवसांत येणारे पैसे 70 दिवसांवर गेले, तेव्हा त्यांनी माल थांबवला. रेटिंग त्यानंतर कित्येक महिन्यांनी उतरलं. तुम्हीही दुकानात गेलात की तेला-डाळीच्या फळ्या बघा. पाकिटांची एकच ओळ पुढे मांडलेली आणि मागे मोकळं दिसलं, तर पुरवठादारांनी हात आखडलाय असं समजा.

आता हिशेब. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी 10 लाखांवर वर्षाला 82,000 मिळतात, बाँडवर 1,20,000. म्हणजे महिन्याला साधारण 3,200 रुपये जास्त, आणि त्यासाठी डावावर अख्खे 10 लाख. पुन्हा पगार येणार नाही, ताई. ही रक्कम बुडाली तर भरून निघायची नाही.

साठीच्या आत ही योजना घ्यायची तर निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून 3 महिन्यांत खातं उघडावं लागतं. तुमचा एक महिना गेलाच आहे. याच आठवड्यात पोस्टात जा, आणि रक्कम कधी व किती मिळाली याचा शाळेचा दाखला सोबत न्या.