लागीर: भुताचं की प्रेमाचं?

करवीर तालुक्यातल्या एका लेखिकाबाईंनी विचारलंय: ‘भुताटकी, प्रेम आणि रहस्य तिन्ही असलेली कादंबरी लिहितेय. नायिका पन्नाशीची विधवा, स्वतःचं गुऱ्हाळ चालवणारी. नायक एसटीचा कंडक्टर, बोलताना अडखळणारा, अंधाराला भिणारा. वाड्यातल्या बाईचं भूत धरतं ते त्याला, आणि सोडवते ही. मी लिहिलं, “त्याला लागीर झालं.” पुण्याची मैत्रीण म्हणाली, “म्हणजे प्रेमात पडला ना?” आता “झपाटला” लिहू की “पछाडला”?’

बाई, तुमचा शब्द बरोबर आहे. खोडू नका.

मैत्रिणीचाही दोष नाही. गेल्या काही वर्षांत हा शब्द टीव्हीवरून शहरात पोचला तो फक्त गुलाबी अर्थ घेऊन. परवा रंकाळ्यावर लग्नाआधीचं शूटिंग चाललं होतं. नवरदेवाच्या हातातल्या पाटीवर लिहिलं होतं, ‘आम्हाला लागीर झालं’. आमच्या आजीनं ती पाटी वाचली असती तर दोघांवरून मीठमोहऱ्या ओवाळूनच त्यांना घरी सोडलं असतं. मी लहान असताना गुऱ्हाळावरचा एक गडी भर दुपारी नदीकडून आला आणि चुलवाणाशेजारी बसून थडथडा कापायला लागला. एवढी धग, तरी दातावर दात. कुणी म्हणालं ताप, कुणी म्हणालं ऊन. आजी लांबूनच म्हणाली, “ह्येला लागीर झालंय. कडंला कुणी जाऊ नगासा.” त्यात प्रेमाचा मागमूस नव्हता. आमच्या भागात लागीर म्हणजे बाहेरची बाधा, हा पहिला अर्थ. प्रेमाचा अर्थ त्याच्या पाठीवर बसून आला. तो चूक आहे असं मी म्हणत नाही, पण पहिला अर्थ माहीतच नसताना दुसरा वापरला की शब्द पांगळा होतो, आणि त्याचा मला राग येतो.

‘झपाटणे’ आणि ‘पछाडणे’ चटकन उरकतो. ‘झपाटणे’ हा झडप, झपाटा यांच्या गोतातला, वेगाचा शब्द. घारीनं पिल्लू उचलावं तसं भूत येतं आणि उचलतं. ‘पछाडणे’ तर आखाड्यातला. हिंदीत आजही पछाडणं म्हणजे पाठीवर आपटणं. दोन्हींत भूत दांडगट आहे. तुमचं भूत मात्र, पत्रावरून दिसतं तसं, जिन्यात बसून कंडक्टरची वाट बघणारं आहे. ते आपटणार नाही.

आता ‘लागणे’कडे या, खरी गंमत तिथे आहे. संस्कृत धातू ‘लग्’, अर्थ चिकटणे, जडणे. त्यातून आपलं लागणे, लावणे, लगट, लागण, आणि लागीरही. मराठीनं या एका क्रियापदावर किती संसार मांडलाय बघा. भूत लागतं, दृष्ट लागते, लळा लागतो, वेड लागतं, ध्यास लागतो. हुरहुर लागते, जिवाला घोर लागतो, चाहूल लागते, आणि शेवटी गुन्ह्याचा छडा लागतो. म्हणजे तुमच्या कादंबरीतलं भूत, प्रेम, धाकधूक आणि उलगडा, सगळं एका क्रियापदाच्या पदरात आहे. अशा कादंबरीच्या प्रकारासाठी इंग्रजीतून तीन शब्दांचं नाव आणून त्याचं भाषांतर करत बसायची गरज नाही.

आणि व्याकरण बघा. तहान ‘मला’ लागते, वेड ‘त्याला’ लागतं, लागीर ‘हिला’ होतं. माणूस इथे कर्ता नसतोच, त्याच्यापाठी ‘ला’ येतो. जे लागतं ते करणारं, आपण सोसणारे. ‘प्रेमात पडणे’ हा इंग्रजी वळणाचा प्रयोग आहे आणि त्यात माणूस स्वतः चालत जाऊन पडतो. आपल्याकडे माणूस पडत नव्हता, त्याला लागत होतं. खासबागेच्या कुस्तीमैदानातली बोलीही ऐका. लाल मातीत दोन पैलवान उतरतात, हाताला माती लावतात, मानेला मान भिडते आणि कट्ट्यावरचा म्हातारा म्हणतो, “लागली कुस्ती!” कुणी कुणाला धरलंय ते त्या क्षणी सांगता येत नाही.

आता ‘लग्न’. हाही त्याच धातूचा, मूळ अर्थ ‘चिकटलेला’. पाणिनीनं या रूपाची खास नोंद केलीय आणि अर्थ दिलाय ‘सक्त’, म्हणजे जडलेला. पंचांगवाले सांगतात, आणि कोशकार त्यांचीच री ओढतात, की पूर्व क्षितिजाला लागलेली रास म्हणजे लग्न, त्या वेळेचा मुहूर्त म्हणजे लग्न, आणि त्या मुहूर्तावर होतो म्हणून विवाहाला लग्न. शास्त्रीमंडळींना हे पुरतं, मला पुरत नाही. नाव केवळ मुहूर्तावरून आलं असेल तर आपण ‘मुहूर्त लागला’ म्हणायला हवं होतं. रखडलेल्या कामाला मुहूर्त लागतो खरा, पण मांडवात ते कुणी म्हणत नाही. तिथे मुहूर्त गाठतात, साधतात, टळतो. लागतं ते लग्नच. शेवटची मंगलाष्टक संपून अक्षता पडल्या की मांडवातली बाई काय म्हणते? ‘लग्न लागलं.’ एकाच धातूचं नाम आणि क्रियापद शेजारी शेजारी बसवून. माझं म्हणणं असं, की राशीचा अर्थ ज्योतिषाच्या वहीत राहिला आणि लोकांनी हा शब्द आपल्या ‘लागणे’शी जोडून घेतला, म्हणूनच तो घरोघर टिकला, ‘विवाह’ पत्रिकेवर छापण्यापुरता उरला. शास्त्रीमंडळींनी राशी सोडून एकदा मांडवात कान द्यावा.

म्हणजे लागीर आणि लग्न ही एका धातूची भावंडं आहेत. हळद लागलेल्या नवरानवरीला एकटं सोडत नाहीत, नवऱ्याच्या हातात कट्यार देतात, ते का? हळदीच्या अंगाला दुसरंच काही लागू नये म्हणून. जुन्या माणसांना या दोन लागणी जवळजवळच्या आहेत हे कोश न उघडता ठाऊक होतं.

तर तुमचा कंडक्टर. पहिल्या प्रकरणात गावकऱ्यांच्या तोंडी ‘त्याला लागीर झालं’ राहू द्या, आणि तिथे अर्थ फक्त भुताचा. मैत्रिणीला समजावत बसू नका, कथा समजावेल. मग बाईनं भूत उतरवलं, वाडा मोकळा झाला, तरी हा गडी रोज शेवटची गाडी डेपोत लावून गुऱ्हाळावर येतो आणि रस आटवायच्या काहिलीजवळ मुकाट बसतो. तेव्हा गावातल्या एखाद्या म्हातारीला म्हणू द्या, “ह्येचं लागीर अजून उतरलं न्हाई.” त्या जागी ‘झपाटला’ बसवून बघा. बसत नाही.